गाठी सात, दोर सैल

सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहून भरलेले टेम्पो नुसते बघा. ज्या हुकावर गाठींचा सर्वात मोठा गुंता दिसतो, त्याच हुकाचा दोर बोटानं ढकलला की हलतो. यात योगायोग काही नाही. दोर ताणता आला नाही म्हणून मनात धाकधूक राहते, आणि ती शमवायला माणूस गाठीवर गाठ मारत सुटतो. गाठीचं काम दोर धरून ठेवायचं. ताण आधी द्यावा लागतो, तो सात गाठींनीही मागाहून येत नाही.

मराठीत सुरगाठ आणि निरगाठ हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगीच नाहीत. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. नखं मोडली तरी सुटत नाही ती निरगाठ. माल बांधताना आपल्याला सुटणारीच गाठ हवी असते, कारण वाटेत दोर पुन्हा आवळायचा असतो. निरगाठ मारलेला दोर कुणी वाटेत थांबून पुन्हा आवळत नाही. सोडायचाच कंटाळा.

आधी दोर करतो काय ते बघू. मालावरून आडवा टाकलेला दोर माल थेट अडवत नाही, तो माल खाली दाबतो. दाब वाढला की मालाचं बुड आणि हौद्याची फळी यांतलं घर्षण वाढतं, आणि माल थांबतो तो त्या घर्षणानं. म्हणून दोर हौद्याशी किती कोनात उतरतो याला फार महत्त्व आहे. सरळ उभा उतरला तर पूर्ण ताण दाबायच्या कामी येतो. ६० अंशांत उतरला तर ८७ टक्के, ४५ अंशांत ७१ टक्के आणि ३० अंशांत निम्माच. पत्रे, प्लायवूड, फरशी असला बसका माल दोरानं नीट का बांधला जात नाही, त्याचं उत्तर इथं आहे. दोर जवळजवळ आडवाच पडतो, वीणेच्या तारेसारखा वाजेपर्यंत ताणला तरी खाली दाब नाममात्र. अशा वेळी थप्पीच्या मधोमध जुनं टायर किंवा लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि दोर त्यावरून घ्यायचा, म्हणजे तो उंचावरून, उभ्या कोनात उतरतो.

आता थोडा हिशोब, कारण दोराकडून लोक अवाच्या सवा अपेक्षा ठेवतात. ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात मालाच्या बांधणीसाठी धरतात ते असं: करकचून ब्रेक लागला तर माल वजनाच्या ८० टक्के जोरानं पुढे जाणार, आणि वळणावर ५० टक्के जोरानं बाजूला. समजा १०० किलोची पेटी लाकडी फळीवर आहे आणि घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती हिश्श्याएवढा जोर घर्षण थोपवतं तो आकडा, ०.३ आहे. नुसत्या वजनानं ३० किलोचा जोर थोपवला जातो, राहिले ५०. ते घर्षणानं थोपवायचे तर वरून १६७ किलोचा दाब पाहिजे. म्हणजे पेटीच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त. हाताच्या ओढीनं, पुढे सांगतो त्या गाठीनं, एका दोरातून दोन्ही बाजूंचा मिळून फार तर ११० किलो दाब निघतो. ५०० किलो मालाला असे आठ दोर लागतील. आठ दोर कुणी टाकत नाही. म्हणून पहिला नियम दोराचा नाहीच: माल पुढच्या फळीला टेकवून भरायचा, मधे पोकळी राहिली तर रिकामी पोती, टायर, पॅलेट काहीतरी कोंबायचं. पुढचा धक्का केबिनमागच्या फळीनं घ्यायचा. दोरानं सांभाळायचं ते उडणं, डुगडुगणं आणि वळणावरचं सरकणं. पसरणीचा घाट चढताना माल मागे रेटतो. तेव्हा मागचा फाळका (हौद्याचं मागचं दार) आणि माल यांच्यात वीतभर फट असेल तर ती आधी भरा, दोराचं मागाहून.

आता गाठ. इंग्रजीत हिला ट्रकर्स हिच म्हणतात. आपल्याकडे 'फास काढून ओढ' म्हटलं की समजतं. दोरातच एक फास तयार करायचा आणि त्याचा कप्पीसारखा उपयोग करायचा, एवढीच युक्ती.

दोराचं एक टोक डाव्या बाजूच्या हुकाला बांधा. इथं हुकाभोवती एक पूर्ण वेढा आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी पुरतात. अर्धी गाठ म्हणजे टोक दोराभोवती एकदा फिरवून आपल्याच खालून काढायचं. पूर्ण वेढा गाळू नका, सगळा भार तोच पेलतो. घर्षणांक ०.३ असेल तर एका पूर्ण वेढ्यात दोराच्या एका बाजूचा ताण दुसरीकडे साधारण साडेसहा पट कमी होऊन पोचतो. दोन वेढ्यांत त्रेचाळीस पट. म्हणजे गाठीवर उरतो तो किरकोळ ताण, आणि म्हणून ती नंतर हातानं सुटते.

दोर मालावरून उजवीकडे फेका. आता उजव्या बाजूला वरून दोर लोंबतोय आणि खाली हूक आहे. मालाची वरची कड आणि हूक यांच्यामध्ये, निम्म्याच्या थोडं वर, फास काढायचा. डाव्या हातात दोर धरून मनगट एकदा फिरवा, दोराचं एक रिंगण होईल. आता रिंगणाच्या खालचा, म्हणजे हुकाकडे जाणारा दोर चिमटीत दुमडून ती दुमड रिंगणातून बाहेर ओढा. रिंगण आवळा. हातात मुठीएवढा फास राहिला पाहिजे.

दुमड कुठल्या बाजूच्या दोराची काढली यावर सगळा खेळ आहे. इथं निम्मे लोक चुकतात. खालच्या, हुकाकडच्या दोराची दुमड काढली तर वरून ताण आला की गाठ आवळते आणि फास तसाच राहतो. वरच्या दोराची काढली तर तो सरकफास होतो. ताण आला की फास मिटत जातो, आतला दोर चिमटतो, आणि तुम्हाला वाटतं दोर ताठ झाला. प्रत्यक्षात तो अडकलेला असतो. ओळखायची सोपी रीत अशी: फासात बोट घालून वरचा दोर ओढा. फास लहान झाला तर चुकलं. मग खालचा दोर ओढा. फास मिटून दोर सरळ झाला तर बरोबर. हे दोन हिसके द्यायला पाच सेकंदही लागत नाहीत.

मग मोकळं टोक हुकाखालून घेऊन वर आणा, फासातून ओवा आणि खाली ओढा. दोर वीस-पंचवीस मीटर असेल तर सगळं टोक ओवत बसायचं कारण नाही. फासातून हात घालून मोकळ्या दोराची दुमड खाली काढा, हुकाला अडकवा आणि उरलेला दोर ओढा. काम तेच होतं.

ओढ खालच्या दिशेनं असल्यामुळे अंगाचं वजन कामाला येतं. पण चाकावर पाय रोवून, रस्त्याकडे पाठ करून मागे रेलू नका. दोर तुटला किंवा फास सुटला तर माणूस थेट वाहतुकीत जाऊन पडतो. ओढताना दुसऱ्या माणसानं मालावरचा दोर मधोमध धरून धनुष्याच्या दोरीसारखा बाजूला खेचायचा, सोडायचा, आणि तो सोडेल त्या क्षणी खालच्यानं सैल काढून घ्यायची. असं तीनदा केलं की नुसत्या ओढीपेक्षा किती तरी जास्त ताण बसतो. एकटे असाल तर डाव्या हातानं उभा दोर बाजूला दाबायचा आणि उजव्यानं सैल काढायची.

पुस्तकी हिशोबानं ही गाठ तुमच्या ओढीच्या तिप्पट ताण देते. तिप्पट मिळत नाही. दोर हुकावर घासतो, फासात घासतो. घर्षणांक ०.२ धरला तर तिपटीऐवजी १.८ पट हाती येतात, ०.३ धरला तर दीडपट. ४० किलोची ओढ दिली तर सत्तर-बहात्तर किलो. तेवढंही थोडं नाही, आणि जे घर्षण ओढताना खातं तेच ओढ थांबवल्यावर दोर धरून ठेवतं. हुकाच्या जागी गुळगुळीत कडी असेल तर ओढायला सोपं जातं आणि धरायला अवघड.

घर्षण आणखी एका ठिकाणी खातं, ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. उजवीकडे दिलेला ताण मालाच्या दोन कडांवरून वळून डावीकडे पोचेपर्यंत जवळजवळ निम्मा होतो. ०.२ च्याच हिशोबानं ५३ टक्के. म्हणून एका दोराची ओढ उजवीकडून दिली तर पुढच्याची डावीकडून द्या. सगळ्या गाठी एकाच बाजूला असलेली गाडी दिसायला नीटनेटकी दिसते, पण तिचा माल एका अंगाला जास्त दाबलेला असतो.

ताण बसला की फासातून दोर जिथून वळतो तिथं अंगठा आणि तर्जनी यांनी चिमटा घट्ट धरा. हा चिमटा सुटला की कमावलेला ताण गेला. दुसऱ्या हातानं मोकळं टोक फासाच्या लगेच खाली, खाली जाणाऱ्या पदरांभोवती फिरवून अर्धी गाठ मारा आणि वर सरकवून फासाला भिडवा. हीच अर्धी गाठ दोन बोटं खाली राहिली तर तेवढी सैल परत आत शिरते. दुसरी अर्धी गाठ टोक दुमडून मारा, म्हणजे ती सुरगाठ होते. नुसत्या सुरगाठीवर निघू नका, खडखडीत रस्त्यावर ती निसटते. दोन हव्यातच. तिसरी मारायचा मोह झाला तर आधी दोर दाबून बघा.

उरलेलं शेपूट गुंडाळून दोराखाली खोचा. लोंबतं टोक जोडचाकात गेलं की चाक दोर ओढून घेतं, आणि मग हूकही उपटतो.

घाईतले ड्रायव्हर फासाला गाठच मारत नाहीत. दोराला नुसता पीळ देऊन रिंगण करतात आणि त्यात खालच्या दोराची दुमड खुपसून ओढतात. हे झटपट होतं आणि सोडायचे कष्टच नाहीत, टोक मोकळं केलं की सगळं आपोआप उलगडतं. यार्डातल्या यार्डात माल हलवायला उत्तम. पण तो फास उभा राहतो तो केवळ ताणाच्या जोरावर. पोती दबली, दोर चार बोटं सैल झाला की रिंगण उलगडतं आणि दोर गळून पडतो. लांबच्या वाटेला सुरगाठीचाच फास घ्यावा.

माल दबतो हे गृहीतच धरायचं. हळदीची पोती, पेंडीची पोती, कडबा हे सगळं पहिल्या काही किलोमीटरांत बसतं, आणि दोर करकचून बांधलेला असला तरी सैल पडतो. सांगलीहून निघालात तर मिरजेच्या आत एकदा थांबा. साताऱ्याहून पुण्याकडे निघालात तर लिंब फाट्याच्या आसपास. सुरगाठ ओढायची, सैल काढायची, परत बांधायची. दोन मिनिटं एका दोराला. फास पहिल्यांदाच हुकाच्या फार जवळ काढला असेल तर इथं पंचाईत होते: ओढता ओढता फास हुकाला भिडतो आणि पुढे ओढायला जागाच उरत नाही. मग सगळं सोडून नव्यानं. म्हणून सुरुवातीलाच फास निम्म्याच्या वर. मात्र इतकाही वर नको की फासाची गाठ मालाच्या कडेवर येऊन घासेल.

कडेवर दोराखाली काहीतरी घालाच. लोखंडी अँगल, फरशीची धार, पत्र्याचा काठ यांवर ताणलेला दोर गाडीच्या हादऱ्यानं करवतीसारखा पुढेमागे होतो. पोत्याची चौपदरी घडी किंवा सायकलच्या टायरचा वीतभर तुकडा पुरे. बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सना उलटी अडचण असते, तिथं दोर शाबूत राहतो आणि बॉक्स चेपतो. वरच्या दोन्ही कडांवर लांब फळी ठेवून दोर फळीवरून घ्या.

कडब्याच्या ट्रॉलीचं गणित वेगळं. माण-खटाव किंवा जतकडून पेंढ्या रचून येणारी ट्रॉली हौद्यापेक्षा रुंद आणि माणसाच्या दुप्पट उंच असते. इथं आडवे दोर कमी आणि पुढून मागे जाणारे उभे दोर महत्त्वाचे, कारण पेंढ्या मागच्या बाजूनं निसटत जातात. कडबा इतका दबतो की फासानं ओढून भागत नाही. तेव्हा दोन पदरी दोरात दांडकं घालून पीळ देतात. ताण प्रचंड बसतो, पण ते दांडकं दुसऱ्या सुतळीनं पक्कं बांधल्याशिवाय हातातून सोडायचं नाही. सुटलं तर उलटं गरगरतं आणि मनगट किंवा तोंड, जे समोर असेल ते फोडतं. पिळलेला दोर सोडतानाही दांडकं दोन्ही हातांनी धरून एकेक फेरा उलटा द्या.

दोर कुठला घ्यावा? टेम्पोसाठी १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडी. १० मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा नवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोर साधारण सव्वा ते दीड टनाला तुटतो. गाठ मारली की ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते, कारण वळणावर बाहेरचे धागे एकटेच ताण घेतात. त्यावर हादरे, ऊन, घासणं. म्हणून तुटण्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार त्यावर टाकू नये. आठ मिलिमीटरपेक्षा बारीक दोर हाताला कापतो, त्यामुळे माणूस पूर्ण ओढच देत नाही.

नायलॉन मजबूत, पण ताणतो. भिजला की आणखी. आषाढात ताठ बांधलेला नायलॉनचा दोर तासाभरात ढिला होतो तो यामुळे. पीपी पाणी पीत नाही, स्वस्त आहे, पण गुळगुळीत. त्याला अर्धी गाठ एक जास्त लागते, आणि उन्हात राहिला की वर्षभरात त्याचे धागे कुसळांसारखे सुटायला लागतात. काथ्या आणि अंबाडीचे दोर उलटे वागतात: भिजले की फुगतात, पीळ घट्ट होतो आणि लांबीनं आखडतात. पावसात बांधलेली सुरगाठसुद्धा त्यांत निरगाठ होऊन बसते, आणि वाळले की सैल पडतात. पीपी आणि नायलॉन दोघांनाही जोरात, भरभर ओढू नका. फासात दोर दोरावरच घासतो, आणि पीपी १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. दोरावर काचेसारखी चकचकीत पट्टी दिसली तर तिथला धागा वितळून गेलाय. पुढच्या वेळी तुटणार तो तिथंच.

एका टेम्पोला दोर किती लांब? हौद्यापासून माल सव्वा मीटर उंच आणि दीड मीटर रुंद असेल तर वर-आडवा-खाली मिळून चार मीटर. फास ते हूक ये-जा सव्वा मीटर, डावीकडची गाठ, फास, शेवटच्या अर्ध्या गाठी आणि ओढायला हातभर टोक. सात मीटरचा तुकडा हवा. सहा मीटरचा घेतला तर ऐन ओढायच्या वेळी हातात टोकच येत नाही.

दोर कमी पडला म्हणून जोडायची वेळ आली तर आपण पोत्याचं तोंड बांधतो तशी साधी दुहेरी गाठ मारू नका. ती दाबात राहते तोवर बरी. एक टोक हिसकलं गेलं की गुंडाळी होऊन सरळ निसटते. विट्याच्या यंत्रमागावर तुटलेला धागा ज्या गाठीनं जोडतात, त्याच घडणीची गाठ दोराला चालते. जाड दोराच्या टोकाची दुमड करा. बारीक दोराचं टोक त्या दुमडीतून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांमागून फिरवा, आणि परत दुमडीत न घालता आपल्याच उभ्या दोराखालून काढा. गुळगुळीत दोर असेल तर मागून दोनदा फिरवा. दोन्ही आखूड टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत आणि प्रत्येकी वीतभर उरली पाहिजेत. आणि हा जोड मालाच्या सपाट अंगावर ठेवा, कडेवर किंवा फासात नको.

हुकांबद्दल थोडक्यात. दोर हौद्याच्या पक्क्या हुकालाच. फाळक्याच्या साखळीला, कोयंड्याला, बंपरला किंवा पाट्याला (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला) बांधू नका. पाटा वरखाली होतो तसा दोर सैल-ताठ होत राहतो, फाळक्याचा कोयंडा तर पाच-दहा वेळा हिसके बसले की उघडतो. हूक वेल्डिंगपाशी तांबूस पडला असेल तर हातोडीनं एकदा ठोकून बघा.

माल उतरवताना दोर सोडायच्या आधी माल कुठल्या बाजूला कलंडलाय ते बघा, आणि त्याच्या विरुद्ध बाजूनं दोर मोकळा करा. फासापाशी चिमटा धरून दोन्ही गाठी सोडा, मग चिमटा हळू सैल करा. एकदम सोडला तर फासातून दोर सर्रकन जातो आणि तळहात भाजतो. दोर अजून ताठ असताना फाळका उघडू नका, नि फाळका उघडताना त्याच्या समोर उभे राहू नका.

दोर घडी करून ठेवताना महिन्यातून एकदा त्याचे पेड हातानं उलटे पिळून आत बघा. बाहेरून दोर मळलेला, केसाळ असला तरी चालतो. आत भुकटी दिसली, किंवा एखादा पेड बाकीच्यांपेक्षा बारीक झालेला दिसला, तर तो दोर तिथंच हात-हातभर तुकडे करून टाका. अख्खा ठेवला तर घाईच्या दिवशी कुणीतरी तोच उचलणार.